वेशीवरचा बोर्ड

प्रिय कर्टिस,

फोनवर मला तुझ्याशी नीट भांडता येत नाही. तू 'बरं, बरं' म्हणतोस आणि ठेवून देतोस, म्हणून लिहायला बसले. हॉकी सोडून तुला वर्ष होत आलं. विनिपेगहून इथं यायला एक सकाळ पुरते, पण तू नाताळलाही आला नाहीस. वर म्हणतोस, वेशीवरचा तो बोर्ड उतरल्याशिवाय गावात पाऊल टाकणार नाही. तर आधीच सांगते, बोर्ड अजून आहे.

मी काही केलं नाही असं समजू नकोस. सोमवारी सकाळी ओरेस्टच्या कॉफीच्या दुकानात गेले. सगळी मंडळी आपापल्या खुर्च्या अडवून बसलेली होती. मी सरळ म्हटलं, माझ्या मुलाला तो बोर्ड नकोय, काढा. ओरेस्टनं कपही खाली ठेवला नाही. म्हणाला, "डार्लीन, त्याला सांग, तो बोर्ड तुझा नाही, आमचा आहे. लाज वाटत असेल तर मान खाली घालून ये म्हणावं, पण ये." लोइस आता गावची अध्यक्ष झाली आहे, जीभ मात्र तीच. ती म्हणाली, "काढू की. पण त्या जागी काय लिहू? 'कर्टिस हावरिलुकचं गाव, तो इथं येत नाही'?" सगळे हसले. मलाही हसू आलं, खोटं कशाला सांगू.

त्या संध्याकाळचं तुला कधी नीट सांगितलंच नाही मी. मोठ्या लीगमधून तुला बोलावणं आलं, कुणीतरी तापानं फणफणलाय आणि तू त्याच्या जागी खेळणार, हे कळलं तेव्हा अख्खं गाव आपल्या बर्फाच्या रिंकच्या हॉलमध्ये टीव्हीसमोर जमलं होतं. बायकांनी बटाट्याचं सारण भरलेल्या पिरोगींची पातेली आणली होती. वॉर्मअपला तू बर्फावर आलास, जर्सी गळ्याशी ढगळ होती, आणि मी रडले. मग सामना सुरू झाला आणि तू बाकावरही दिसेनास. तो ताप आलेला पठ्ठ्या उठून खेळायला आला होता. आम्हाला वाटलं, दुसऱ्या डावात तरी उतरवतील. कुणी घरी जाईना. शेवटी तुझे बाबा उठले आणि खुर्च्या आवरायला लागले.

ओरेस्टनं मात्र वॉर्मअप चालू असतानाच रंगाऱ्याला फोन करून टाकला होता. त्याचा उतावळेपणा तुला माहीत आहे. दोन दिवसांत 'मोठ्या लीगचा खेळाडू कर्टिस हावरिलुक याचं गाव' असा बोर्ड गावच्या पाटीखाली ठोकलाही, आणि तोवर तुला परत खालच्या लीगमध्ये धाडलं होतं. पुन्हा काही बोलावणं आलं नाही. पण काढायचा कुणी? ज्यानं काढला असता त्यानं तुझ्यावरची आशा सोडली असं झालं असतं. म्हणून सगळे गप्प राहिले. पुढे त्याची सवय झाली.

बोर्ड खोटा आहे हे मला कळतं. पहिली काही वर्षं तिथून जाताना मीही दुसरीकडे बघायचे. पण तू काय करतोस, तर न झालेल्या त्या एका सामन्यालाच आपलं सगळं आयुष्य समजतोस. अकरा हिवाळे तू बसमध्ये झोपून काढलेस. पुढचे दात गेले, गालाचं हाड मोडलं. हजारभर लोकही नसायचे अशा गावांतून खेळलास आणि मी रेडिओला कान लावून तुझं नाव येण्याची वाट बघत बसले. मला तुझा अभिमान आहे. बोर्डासाठी नाही, त्या बसमधल्या हिवाळ्यांसाठी. हे तुझ्या बाबांनी सांगायला हवं होतं, पण त्यांना असलं बोलणं कधी जमलं नाही, आणि आता ते नाहीत, तर मी सांगते.

आता खरं काय ते. आपलं रिंक या मार्चनंतर बंद होतंय. बर्फ गोठवणारे खालचे पाइप गेलेत आणि गावात खेळायला पोरं उरली नाहीत, तेव्हा दुरुस्ती कुणासाठी करायची. आणि मी, जिनं तुला दर पहाटे तिथं नेलं, त्या बर्फावर आयुष्यात एकदाही उभी राहिलेली नाही. माहेरी स्केट्सचा एकच जोड होता, तो भावांचा. गेल्या आठवड्यात मी माझ्या मापाचे जुने स्केट्स विकत घेतले. बर्फ वितळण्याआधी मला एक फेरी मारायची आहे. ओरेस्ट 'मी धरतो' म्हणतो, पण तो स्वतःच पडेल. शिवाय ऑपरेशनपासून गुडघा वाकत नाही, नाड्या बांधता येत नाहीत. लहानपणी तुझ्या मीच बांधायचे, फरशीवर बसून, आणि तू घाई करायचास. माझ्या तू येऊन बांध. वेशीवरून येऊ नकोस हवं तर, उत्तरेच्या शेतरस्त्यानं ये. तिकडे बोर्ड नाही. एरवी हिवाळाभर तो रस्ता बर्फानं बंद असतो, पण काल ओरेस्टनं ट्रॅक्टर घालून तो आपल्या दारापर्यंत मोकळा केलाय.

तुझीच,
आई