मागच्या चाकांचा मुद्देमाल

मामंजी, गाडीच्या मागच्या चाकांची गोष्ट तुम्हाला सांगणं म्हणजे आईपुढे आजोळच्या गोष्टी. तुम्ही तिथेच होतात, माझ्या डोक्याशी, दुधाच्या उपड्या क्रेटवर, कोट-टोपी घालून, मांडीवर पुस्तक उघडून. पण ती गोष्ट मी दुसऱ्या कुणाला कधी धड सांगितलेली नाही, आणि का नाही सांगितली ते तुम्ही मला एकदाच विचारलंत, तेही प्रश्नासारखं न विचारता. तेव्हा मी खिडकीबाहेर बघत बसले होते. आता माझंही वय तुमच्या तेव्हाच्या वयापुढे गेलं, गुडघे बोलायला लागले, म्हणून म्हटलं बसावं आणि उत्तर लिहावं.

सासूबाई गेल्या आणि पुढच्या वर्षी तुम्ही आमच्याकडे अमेरिकेत, एडिसनला आलात. चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशी साल असेल. तुमची हयात तालुक्याच्या कोर्टात गेलेली. बसणं ताठ, बोलणं मोजकं, आणि मला तुमची भीती. आपलं बोलणं म्हणजे मी विचारायचं, “चहा ठेवू?” आणि तुम्ही म्हणायचं, “ठेव.” मुलं शाळेत, तुमचा मुलगा ऑफिसात, आणि आपण दोघं त्या घरात दोन टोकांना, मधे फ्रिजची घरघर. तुम्ही खिडकीतून रस्ता बघत राहायचात. बर्फ वितळावं म्हणून इथे रस्त्यावर मीठ टाकतात हे मी सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, “म्हणजे रस्त्याचं लोणचं घालतात.” मी हसले नाही. हसायचं की नाही ते कळलं नव्हतं.

त्या मिठानेच आपल्या गाडीचं मागचं अंग खाल्लं. मागची दोन्ही टायरं आतल्या बाजूने झिजली, खड्ड्यात गेलं की डिकीखाली ठक्क व्हायचं, आणि हायवेवर गाडी शेपूट हलवत चालायची. मागच्या चाकांना जागेवर धरून ठेवणाऱ्या लोखंडी दांड्या असतात, कंट्रोल आर्म म्हणतात, त्यांच्या टोकांची रबरं फाटली होती. मला ते ठाऊक होतं. मुलांना लायब्ररीत गोष्टी ऐकायला बसवलं की मी पलीकडच्या कपाटातली गाड्यांची पुस्तकं घेऊन बसायची, शेजारी डिक्शनरी. माझं शिक्षण मराठी शाळेतलं, मॅट्रिकपर्यंत, पण चित्रं सगळ्यांना सारखीच समजतात. ऑइल बदलणं, ब्रेक घालणं, एवढं मी चोरून-मारून शिकले होते. चोरून म्हणते, कारण बाहेर कुणाला माहीत नव्हतं.

आपण दोघं गॅरेजमध्ये गेलो ते आठवतं? मी त्या माणसाला सांगतेय की आवाज कुठून येतो, कधी येतो, आणि तो माझ्याकडे बघतच नाही. तुमच्याकडे बघून म्हणतो, हिच्या नवऱ्याला पाठवून द्या, त्याला समजावून सांगतो. तुम्ही काठी टेकून उभे राहिलात आणि कोर्टातल्या इंग्रजीत म्हणालात, “सर, द लेडी इज द विटनेस. काइंडली हिअर द विटनेस.” तो हसला. त्याच्या मागचा दुसराही हसला. तुम्ही वळलात आणि गाडीत येऊन बसलात. सिग्नलला मी थांबले तेव्हा तुम्ही समोर बघत विचारलंत, “सूनबाई, तुला येतं का हे?” मी म्हटलं, “पुस्तक समोर असलं तर येईल.” “मग आण पुस्तक. मी वाचतो.”

शनिवारी तुमचा मुलगा मित्राच्या गाडीने कामावर गेला, मुलं शेजारी खेळायला, आणि मी ह्यांची जुनी पँट चढवून ड्राइव्हवेत गाडीखाली शिरले. सासऱ्यासमोर पँटमध्ये, उताणी. लाजेने मेले होते. तुम्ही क्रेटवर बसून वाचायला लागलात, इंग्रजी वाचायचं आणि मराठी सांगायचं, आणि ती मराठी कसली, “सदर दांडी काढणेपूर्वी बोल्टाची मूळ जागा खूण करून ठेवणेची आहे.” खूण कशाने करू, म्हटलं. तुम्ही घरात गेलात आणि माझी लाल नेलपॉलिश घेऊन आलात. ती कुठे असते हे तुम्हाला माहीत होतं याचं मला अजून नवल वाटतं. मी बोल्टावर रेघ ओढली. “झाली मोहोर,” तुम्ही म्हणालात. मग एक बोल्ट काही केल्या सुटेना. तेल सोडलं, हातोडीने ठोकलं, पान्याला पाइप घालून लोंबकळले. गंजाची पूड डोळ्यात. वरून तुमचा आवाज आला, “आरोपी गुन्हा कबूल करत नाही.” आणि मी गाडीखाली, पाठ ओल्या काँक्रीटवर, इतकी हसले की पाना हातातून पडला. तुम्हीही हसत होतात, मला फक्त तुमचे बूट दिसत होते, पण बूट हसत होते. त्यानंतर मला तुमची भीती वाटली नाही. मग मात्र बोल्ट सुटला.

नव्या दांड्या बसल्या तेव्हा मी घाईत होते, स्वयंपाक व्हायचा होता, बोल्ट तिथेच करकचून आवळायला निघाले. तुम्ही काठी आपटलीत. “थांब. अखेरचे आवळणे गाडी स्वतःच्या पायांवर उभी असताना करणेचे आहे. अन्यथा रबरास पीळ पडून ते अकाली नष्ट होईल.” मी म्हटलं, “राहू द्या हो, कोण बघतंय.” तुम्ही म्हणालात, “रबर बघतंय.” मग चाकं लावून गाडी लाकडी फळ्यांवर उतरवली, डिकीत तांदळाची पोती टाकली, आणि तरी पुरेसा भार नाही म्हणून तुम्ही स्वतः मागच्या सीटवर जाऊन बसलात, टोपी सरळ करून, जसं काही कुणाच्या लग्नाला निघालात. समोरची म्हातारी अमेरिकन बाई कुत्रं फिरवत आली. तिने विचारलं, आजोबा कुठे निघाले? मी खालून ओरडले, “नो व्हेअर! ही इज द वेट!” ती ओ, म्हणाली आणि तुम्हाला हात हलवला. तुम्ही आतून नमस्कार केलात.

दुसऱ्या दिवशी चाकं सरळ केली. गाडीच्या दोन्ही बाजूंना सुतळ्या ताणल्या, पुढच्या चाकांपासून सारख्या अंतरावर, आणि मागच्या चाकाची पुढची कड सुतळीपासून किती, मागची किती, हे तुम्ही वाकून मोजायचं. मी खालचा बोल्ट फिरवला की चाक आत-बाहेर व्हायचं. तुम्ही पंचनामा केल्यासारखं सांगत होतात, “उजवे चाक. पुढील अंग दोन सूत जास्त. म्हणजे तोंड आत.” दोन सूत म्हणजे पाव इंच, फार झालं. मी कमी करायची, मग गाडी हातभर मागेपुढे ढकलायची म्हणजे चाक नव्या जागी बसतं, मग परत माप. तुम्हीही ढकलत होतात, धोतराचा सोगा खांद्यावर टाकून. धोतराच्या काठाला ग्रीस लागलं. तुमचा मुलगा दारातून म्हणाला, “अगं, बाबांना कशाला राबवतेस? आय कान्ट बिलीव्ह धिस!” तुम्ही त्याला म्हणालात, “तू आत जा. कामकाज चालू आहे.” शेवटी चाकांची तोंडं केसभर आत राहिली, पुस्तकात होती तशी. संध्याकाळी आपण तिघं हायवेवर एक फेरी मारून आलो. मी स्टिअरिंगवरचे हात क्षणभर सैल सोडले. गाडी सरळ गेली, मामंजी, सुतळीसारखी. घरी आल्यावर तुम्ही जुन्या दांडीच्या टोकाचं, आत फाटकं रबर असलेलं लोखंडी कडं पुसून रुमालात बांधलंत. मी म्हटलं, कचरा तो, कशाला ठेवता? “मुद्देमाल,” तुम्ही म्हणालात. “निकाल लागेपर्यंत जपून ठेवायचा असतो.”

पुढच्या रविवारी इथल्या मराठी मंडळींतल्या एका डॉक्टरांकडे गणपतीचं जेवण होतं. मोठं घर, मोठा ड्राइव्हवे, सगळ्यांच्या नव्या गाड्या. सकाळी तुम्ही तयार होऊन खाली आलात तर अंगावर तेच धोतर, काठाला काळा डाग. मी ते दोनदा धुतलं होतं, डाग गेला नव्हता. मी म्हटलं, “मामंजी, दुसरं नेसता का? चारचौघांत बरं दिसत नाही.” तुम्ही डागाकडे बघितलंत, माझ्याकडे बघितलंत, आणि वर जाऊन बदलून आलात. तिथेच मला कळायला हवं होतं की तुम्ही तो डाग मुद्दाम नेसला होतात.

जेवणं झाली, पुरुष विड्याची पानं घेऊन अंगणात, आम्ही बायका दाराशी. मी नखं बेसन-लिंबाने घासून घासून लाल केली होती, तरी कडा काळ्या. डॉक्टरीणबाईंनी माझा हात धरला. “अगोबाई, ही कसली गं मेंदी? गाडीखाली गेली होतीस की काय?” सगळ्या हसल्या. वाईट मनाने नाही, ती बाई साधीच होती. आणि तेवढ्यात डॉक्टर ह्यांना म्हणाले, “अरे, तुझी गाडी आज चक्क सरळ आली! मागच्या महिन्यात मी तुझ्या मागून ड्राइव्ह करत होतो, यार, नुसती शेपूट हलवत होती. कुणी फिक्स केली?”

तुमच्या मुलाने माझ्याकडे बघितलं. त्याचा दोष नाही हो, मी आजवर मनातल्या मनात त्याला दोष दिला, पण तो म्हणाला होता, “तिलाच विचारा.” हसत म्हणाला होता, अभिमानाने. तुम्ही खुर्चीत पुढे सरकलात. तुमचा हात कोटाच्या खिशात गेला. सगळे माझ्याकडे बघत होते, रेशमी साड्या, एमडी, पीएचडी, आणि मी हात पदराखाली घेतले. झाकली मूठ सव्वा लाखाची. उचलली जीभ लावली टाळ्याला.

“गॅरेजमध्ये,” मी म्हटलं. “ह्यांच्या ऑफिसजवळ एक आहे.”

तुम्ही खिशातून रुमाल बाहेर काढला होतात. गाठ मारलेला. त्या गाठीनेच तुम्ही ओठ टिपलेत आणि रुमाल परत खिशात ठेवलात. त्यात काय होतं ते तिथे मला एकटीला माहीत होतं. कुणीतरी विषय बदलावा म्हणून तुम्हाला विचारलं, “काय बाबा, करमतं का आमच्या अमेरिकेत?” तुम्ही म्हणालात, “करमतं. वाचनात वेळ जातो.”

एवढंच. खोटं एक अक्षर नाही, आणि माझ्यावर आच नाही.

परत येताना गाडी हे चालवत होते. मग तुम्ही मागच्या सीटवरून, ज्या सीटवर तुम्ही वजन होऊन बसला होतात तिथून, हळूच म्हणालात, “साक्षीदार फुटला.” हे म्हणाले, “काय बाबा?” तुम्ही म्हणालात, “काही नाही. गाडी झकास चालली आहे.” मी खिडकीबाहेर बघत होते. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, गोदामं आणि पार्किंग.

मी स्वतःला वर्षानुवर्षं सांगत आले की लाज मला माझ्या नखांची वाटली, मॅट्रिकची वाटली. बायका म्हणतील सासऱ्याला मातीत बसवला, म्हणून तुमचीच लाज राखली, असंही सांगून पाहिलं. भाकरी करपली की तव्याला बोल लावावा तसं. पण खरं सांगायचं तर मी डोळ्यांसमोर ते चित्र आणलं, धोतर नेसलेला म्हातारा, डॉक्टरांच्या हिरवळीवर उभा राहून रुमालातून गंजलेलं कडं काढून सगळ्यांना दाखवतोय, आणि मला तुमची लाज वाटली. ज्या माणसाने परक्या गॅरेजात माझ्यासाठी साक्ष मागितली, त्याची.

तुम्ही भारतात परत गेलात. तुमच्या पत्रांत ह्यांना चार ओळी आणि तळाशी माझ्यासाठी एक, “मागील चाकांची प्रकृती कशी आहे?” मी ह्यांच्या उत्तराच्या कोपऱ्यात लिहायची, “उत्तम.” ती खरंच उत्तम होती. रबरं गाडी विकेपर्यंत टिकली, पीळ पडला नाही.

तुम्ही गेल्याचा फोन आला त्यानंतर काही दिवसांनी वन्संनी पुन्हा फोन केला, कुठल्या वस्तू कुणाला द्यायच्या ते विचारायला. लाइनीत खरखर, दोन्हीकडे ओरडून बोलणं चाललेलं. म्हणाल्या, “वहिनी, बाबांच्या पानाच्या डब्यात एक लोखंडी कडं सापडलं, आत फाटकं रबर आहे. रुमालात बांधून ठेवलंय. आम्ही कितीदा विचारलं तर म्हणायचे, ते माझं नाही, दुसऱ्याचं आहे, मागेल तेव्हा देईन. तिकडचं आहे का काही? पाठवू का?” हे शेजारी डोळे पुसत बसले होते. सांत्वनाला आलेली माणसं होती, डॉक्टरीणबाईही होत्या, माझ्यासाठी चहा करत होत्या. मी रिसीव्हर हाताने झाकला, मग काढला, आणि म्हटलं, “कुणास ठाऊक काय आहे. टाकून द्या.”

हे सगळं लिहिताना आत्ता हे स्वयंपाकघरात आले, चष्मा शोधत. म्हणाले, “काय गं, एवढं काय लिहितेस?” इतकं सगळं लिहून झाल्यावर, मामंजी, वाटलं होतं की आता तरी सरळ बोलेन. मी कागदावर हात ठेवला आणि म्हटलं, “सामानाची यादी.” ते म्हणाले, “मग तूरडाळ लिही, संपलीये.”

लिहिली आहे. इथे खालीच.

तूरडाळ.