चारातलं एक बटण तुमचं

प्रिय अक्का,

काल महापालिकेचं मतदान झालं. बोटावरची शाई अजून ताजी आहे. आज सकाळी देवाला गंध लावताना तीच दिसत होती, आणि मन काही पूजेत लागेना. म्हटलं, जे तुमच्यासमोर बसून बोलायला जमलं नाही ते निदान लिहून तरी टाकावं. तुम्हाला जाऊन आता पाच महिने होतील. श्रावणात गेलात तुम्ही.

आपली भिंत एक, पण निशाणं कायम वेगळी. तुम्ही जन्मभर विड्या वळल्या, कामगारांच्या मोर्चात गेलात, तुमचं मत लाल बावट्याला. आमच्या घरचं मत भजनी मंडळातली माणसं सांगतील तिकडे. तरी सकाळी सात वाजता आपण दोघी न्हाऊन, वेणी घालून शाळेत रांगेला बरोबरच उभ्या असायचो! वाटेत तुम्ही मला टोमणे मारायच्या, "काय ओ वहिनी, देवाला विचारून आलात का बटण कुठलं ते?" आणि परत येताना तुमच्याकडे चहा ठरलेला.

मग मागची महापालिका आली. तुमचे गुडघे धरलेले, माझी कंबर. तुम्हीच म्हणालात, "माझं मत तुमच्या मताला खाणार, तुमचं माझ्या मताला. मग दोघी घरीच बसू की. हिशेब सारखाच." घरचा हिशेब मी रोज लिहिते, मला ते लगेच पटलं. पण तुम्हाला नुसता शब्द पुरला नाही. माझ्याच वृंदावनातलं पान तोडून तुम्ही माझ्या तळहातावर ठेवलंत, एक स्वतःच्या. तुळशीची शपथ.

अक्का, मी ती मोडली.

दुपारी चारला भजनातल्या बायका रिक्षा घेऊन दारात आल्या. एक जागा रिकामी होती. तुमचं दार लोटलेलं होतं. मी चपला हातात घेऊन जिना उतरले, लेकराने चोरी करावी तशी. प्रभागाच्या चार जागांची चारही बटणं आमच्या निशाणाची दाबली आणि अर्ध्या तासात घरी आले. शाई घासून जाईना, म्हणून बोटाला चिंधी गुंडाळली.

संध्याकाळी तुम्ही चित्रान्नाची, तुमच्या त्या पिवळ्या लिंबूभाताची वाटी घेऊन आलात. बोट कापलं का, विचारलंत. मी म्हटलं, विळी लागली. तुम्ही आत जाऊन माझ्याच डब्यातली हळद आणलीत आणि चिंधीवरून बोट चांगलं दाबलंत. मी हूं की चूं केलं नाही. दुखतच नव्हतं तर काय करणार? कापलेलं बोट दाबलं तर ओरडायला हवं होतं, हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा तुम्ही हात सोडला होता. "जपा ओ वहिनी," एवढंच म्हणालात आणि वाटी तिथेच ठेवून गेलात.

निकालात तुमचा माणूस थोडक्यात पडला. तुम्ही त्यावर चकार शब्द काढला नाही. भांडला असतात तर बरं झालं असतं! दोन दिवस बोलला नसतात, तिसऱ्या दिवशी मी पाया पडले असते. पण तुम्ही तसंच चित्रान्न पाठवत राहिलात आणि मत द्यायला जाणं सोडलंत. लोकसभा आली, विधानसभा आली. दरवेळी मी तुमचं दार वाजवायची. "तुम्ही जाऊन या. आपल्या मतानं काय होतंय ओ?" असं म्हणून तुम्ही परत विड्यांच्या सुपापुढे बसायच्या. लाल झेंडा घेऊन उन्हात चालत जाणारी बाई असं बोलते? मला कळत होतं. तरी मी तोंड उघडलं नाही.

काल सकाळी मी रूपालीला फोन केला. तुम्हाला अत्या म्हणणारी तुमची सून आता तिकडे जुळे सोलापूर भागात फ्लॅटमध्ये असते, पण नाव अजून आपल्याच यादीत आहे. म्हटलं, ये, बरोबर जाऊ. तर म्हणाली, "काकू, एवढ्या लांब कशाला? आमच्या अत्याच जात नव्हत्या की. आपल्या मतानं काय होतंय, असं त्याच म्हणायच्या."

फोन ठेवला. मला वाटत होतं, मी तुमचं एकदाचं मत खाल्लं. मी तर अख्खं घर खाल्लं अक्का.

शाळेत रांग नव्हतीच. निम्मी गल्ली राहायला दुसरीकडे गेली, उरलेली सुट्टी म्हणून झोपली. टेबलावरच्या बाईंनी मला यादीतल्या नावांच्या दोन चिठ्ठ्या दिल्या. एक माझी, एक तुमची. "पूर्वी दोघी बरोबर यायच्या ना?" म्हणाल्या. अक्का गेल्या, एवढं सांगितलं. चिठ्ठी परत घ्यायला त्या लाजल्या. ती माझ्याकडेच राहिली, तुळशीच्या कोनाड्यात ठेवलीय.

यंदाही चार बटणं होती. तीन आमच्या निशाणाची दाबली. चौथ्याला हात थांबला. मग तुमचं निशाण शोधलं आणि दाबलं. भजनातल्या बायकांना कळलं तर काय म्हणतील ते म्हणोत. याने फिटलं असं मी म्हणत नाही. शपथेचा हिशेब मला मांडता येत नाही, आणि आता मी थकलेय.

पण एक शब्द देते. या रविवारी रूपालीकडे जाणार आहे, शाई पुसट व्हायच्या आत. तिच्यासमोर बोट धरून सगळं सांगणार, की तुझी अत्या तशी नव्हती, तिला तसं मी केलं. पुढच्या मतदानाला रिक्षा करून तिला आणायला मीच जाईन. ती कुठलं बटण दाबते ते विचारणार नाही. यावेळी तुळशीचं पान तोडत नाही अक्का. नुसत्या शब्दावर विश्वास ठेवाल ना?

तुमची भिंतीपलीकडची,
सुमनवहिनी