निमोण्याच्या भिंतीवरची काच

२० जुलै १९६४, सोमवार. शिरूर.

चार महिने इथे एक ओळ नाही. वहीची माफी मागतो. सभापती झाल्यापासून दिवसभर दुसऱ्यांना उत्तरं देतो; स्वतःला द्यायची राहून जातात. आजपासून रोज लिहीन आणि खरं लिहीन.

पंचायत समितीची सभा. सदस्यांचे सहा प्रश्न. रस्ता, दवाखाना, गुरांचा डॉक्टर, सगळे निकालात काढले. शेवटी निमोण्याचे भैरू आण्णा उठले. म्हणाले, "शाळंच्या भिंतीला माझा हात जाईल येवढी भेग पडलीया. पोरं तिच्याखालीच बसत्यात." मी म्हटलं, शास्त्रीय पद्धतीने तपासू. भेगेवर सिमेंटने काचेची पट्टी डकवायची. फुटली तर भिंत हलते आहे, नाही फुटली तर नाही. आण्णा म्हणाले, "आन् काच फुटंस्तवर पोरांनी काय करायचं?" सभा हसली. मीही हसलो. उत्तर दिलं नाही, हे आत्ता लक्षात आलं.

२३ जुलै, गुरुवार.

ओव्हरसियर बबनराव पट्टी लावून आले. निकाल लागेपर्यंत मुलं त्याच वर्गात. घबराट नको.

२६ जुलै, रविवार.

पट्टी फुटली. तुकडे मागवून पाहिले. कंदिलाची काच! असल्या मालावरून निष्कर्ष काढणं बरं नाही. जाड काच लावायला सांगितली. बबनराव म्हणाले, "साहेब, जाड काच लवकर फुटायची न्हाई." म्हटलं, मग उत्तमच. ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांना झोप कमी पडत असावी.

२९ जुलै, बुधवार.

जाड काच शाबूत. आण्णांना लेखी उत्तर: भिंतीस धोका नाही. सही करताना हात थांबला. पेनातली शाई संपत आली असावी. दुसऱ्या पेनाने केली. तेव्हाही थांबला.

३१ जुलै, शुक्रवार.

शाळेच्या हसीनाबाई मुलांना मारुतीच्या देवळात बसवतात, असं कळलं. लेखी उत्तर असताना! मुलं तातडीने वर्गात न्यावीत आणि खुलासा द्यावा, अशी नोटीस काढली. मग वाटलं, नुसता कागद पाठवणं माणुसकीचं नाही. स्वतः गेलो. विश्वास बसावा म्हणून वर्गात तासभर बसून दाखवलं. बाई म्हणाल्या, "साहेब, भिंतीकडं सरका की. तिकडं वारं लागतंय." मी दाराशीच बसलो. दाराशी उजेड चांगला होता.

आण्णा बाहेर उभे होते. म्हणाले, "सभापती, चपला काढायच्या ऱ्हायल्या तुमच्या." खरंच राहिल्या होत्या.

२ ऑगस्ट, रविवार. संध्याकाळी साडेपाच.

तीन दिवस पाऊस. बबनराव भिजत खुलासा घेऊन आले. बाईंचं अक्षर सुरेख आहे. लिहितात: "आदेशाप्रमाणे उद्या सोमवारपासून बेचाळीस मुले वर्गात बसवीत आहे. काच फुटलेली नाही. परंतु ती ज्यावर डकवली होती तो भिंतीचा भाग आज सकाळी काचेसह खाली आला. काच शाबूत असून जपून ठेवली आहे."

तीनदा वाचलं.

बबनराव म्हणाले, "सायकलवर आत्ताच जातो साहेब. बाईंना सांगतो, पोरं आत घेऊ नका." मी त्यांना थांबवलं. लेखी आदेश तोंडी कसा मागे घेणार? उद्या कुणी विचारलं तर बाईच अडचणीत येतील. शिक्का कचेरीत, कचेरी बंद. ते म्हणाले, "बरं." आणि चहा न घेताच गेले.

त्या दिवशी दाराशी बसलो ते उजेडासाठी नाही. खरं लिहायचं ठरवलं होतं, म्हणून लिहितो.

कचेरी नऊला उघडते. निमोण्याची एस.टी. साडेनऊला. शाळा अकराला. वेळ भरपूर आहे. बबनराव सांगत होते, वाटेतल्या ओढ्याला गुडघाभर पाणी आहे. पण रात्रीतून उतरेल. पाऊस थोडा कमी झाल्यासारखा वाटतो. खिडकी लावल्यामुळेही तसं वाटत असेल.

उद्या: साडेनऊची एस.टी. गाठणे.