जमीन घरी विसरले त्याची गोष्ट

तीर्थरूप मामांना,

भाचीचा साष्टांग नमस्कार (कंबर धरलीय, तेव्हा निम्माच पोचेल; उरलेला उधार). गुडघा काय म्हणतोय? जिने चढू नका म्हटलं की तुम्ही मुद्दाम चढता, म्हणून यंदा काहीच म्हणत नाही. इकडे आम्ही खुशाल आहोत. माझी अब्रू तेवढी मंगळवारी जाता जाता राहिली.

झालं असं. शनिवारचा माझा समुद्राचा तास बंद करून तिथे गणिताचा जादा तास घालायचं मुख्याध्यापकांनी मनात घेतलं. म्हणे, आपल्या मुलांना समुद्राशी काय देणंघेणं? मी म्हटलं, आपल्या डोक्यावरचं ऊन आणि शेतातला पाऊस, सगळ्याचा कारभार तिथूनच चालतो. ते म्हणाले, मंगळवारी वर्गात येऊन बघतो, मग ठरवू. माझी तर झोपच उडाली! (तुम्हाला ठाऊक आहे, हा तास मी किती भांडून मिळवलाय.)

म्हणून बर्फ वितळला की समुद्र कसा चढतो, या प्रयोगाची घरी तालीम केली. काचेच्या उथळ भांड्यात मधोमध वाटी पालथी घातली, भोवती काठोकाठ पाणी भरलं आणि वाटीवर बर्फ रचला. बर्फ वितळला, पाणी ओट्यावर सांडलं, मी खूश. पण सकाळी सासूबाईंना पिशवीत वाटी दिसली. शाळेत वाटी कशाला, सुनेने चुकून भरली असेल, म्हणून त्यांनी ती मायेने मांडणीत परत ठेवली. वर्गात पिशवी उघडली, वाटी नाही! घाईत वाटलं, वाटीचं एवढं काय, बर्फ महत्त्वाचा. दिला पाण्यात सोडून, भांडं काठोकाठ भरलं आणि ठसक्यात सांगितलं, आता बघा समुद्र कसा चढतो.

वीस मिनिटं आम्ही बघत बसलो. बर्फ वितळला, पण पाणी ढिम्म हललं नाही. मुख्याध्यापकांनी घड्याळ पाहिलं, चहाचा कप संपवला. शेवटी मागच्या बाकावरची मुलगी उठली (तिला सगळे शंकासूर म्हणतात, मीसुद्धा, मनातल्या मनात). म्हणाली, "बाई, बाकावर आधीच बसलेला माणूस बसल्या बसल्या बारीक झाला तर गर्दी कशी वाढेल? बाहेरून कोणी आत आलं पाहिजे ना!" अहो मामा, ती वाटी म्हणजे जमीन होती! तरंगता बर्फ आधीच आत बसलेला; जमिनीवरचा वितळून आत आला तर समुद्र वाढतो, आणि मी जमीनच घरी विसरले होते. पोरीने सरळ जाऊन मुख्याध्यापकांचा रिकामा कप उचलला, भांड्यात पालथा घातला, पाणी काठाला आणलं आणि थर्मासमधला उरलेला बर्फ वर रचला. दहाच मिनिटांत पहिला ओघळ निघाला, तो थेट साहेबांच्या विजारीवर. वर्ग नुसता नाचला! आणि ते चिडायचं सोडून विचारतात कसे, सगळ्या जगाचा वितळला तर? सत्तावीस हात वर. मामा, मला रडूच आलं, आनंदाने.

मामींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमची भाची

ता. क. तास वाचला, पण पुढच्या शनिवारपर्यंतच. त्या दिवशी पालक येणार आहेत आणि समुद्रावर आयुष्य काढलेला माणूस त्यांच्यापुढे उभा करायचा, अशी अट आहे. तीस वर्षं बोटीच्या इंजिनात काढलेले माझ्या माहितीत तुम्ही एकटेच. गाडी सकाळी सातची आहे. मुलांचे त्रेसष्ट प्रश्न तयार आहेत.

ता. क. दुसरा. मी स्वतः समुद्र पाहिलेला नाही, हे मुलांना सांगून टाकलं. वाटलं, गेला आपला मान. शंकासूर म्हणाली, "मग बाई, त्या दिवशी तुम्ही आमच्यात बसा." तेव्हा मी पहिल्या बाकावर असेन. चौसष्टाव्यापासून पुढचे प्रश्न माझे.