शेंडे मोडलेले शंख

न्हाई बाई, ते सूप मी चुलीत घातलं न्हाई. कुणी इचारलं म्हणून सांगत न्हाई, मला कोण इचारतंय. सून रोज म्हणते, "आत्या, हे किडकं सूप कशाला टांगलंय?" मी म्हणते, "राहू दे." एवढ्यावर संपतं. तुमाला जाऊन इतकी वर्षं झाली, कागद लिहायची ही काय येळ हाय का? पण मंगळवारी एक पोरगी डिंभ्याला आली, घरात बसून गेली, तवापासून माझं डोकं ठिकाणावर न्हाई. चौथी शिकलेली मी, तुमाला ठावं हाय. चुका काढत बसू नका.

पोरगी पुण्याची. तुमच्याच त्या दगड झालेल्या शंखावर अभ्यास करते. अवसरीच्या घरातल्या तुमच्या शंखांच्या बाटल्या आता तिच्याकडं हायेत, माझा पत्ताबी तिथंच इचारून आली. चार बाटल्या पिशवीतनं काढून वट्यावर मांडल्या आन म्हणते, "आजी, हे इंग्रजी नाव मला कळतं. पण खाली बाईंनी पेन्सिलीनं मिरची, भवरा, बटण असं लिहिलंय, ते काय?" मला हसूच आलं. ती माझी नावं. लांबडा, टोकदार तो मिरची. खाली रुंद, वर निमुळता तो भवरा. चपटा तो बटण. तुमची नावं माझ्या जिभेला वळायची न्हाईत, म्हणून मी आपली ठेवली व्हती. तुमी ती लिहून ठेवली असतील हे मला आजवर ठावं नव्हतं.

तवा मी अवसरीतच राहायचे, तुमच्याकडं भांड्याला लागले व्हते. शंखांच्या अभ्यासाची नोकरी संपवून तुमी मालकांच्या गावी, अवसरीला राहायला आलेल्या. ऊस-बटाट्याच्या गावात तुमच्या दारात कच्छची माती पोत्यानं उतरायची. तिथं कोट्यवधी वर्षांमागं समुद्र व्हता, पवळ्याची बेटं व्हती, त्या पवळ्यात हे तांदळाएवढे शंख राहायचे, असं तुमी सांगितलं. मी म्हणले, "बाई, डिंभ्याच्या धरणाचं पाणी बघून बघून आमी कावलो, आन तुमी वाळलेला समुद्र पोत्यात भरून आणलाय." लई हसला व्हता तुमी. मंग माती बादलीत भिजवायची, चाळणीत धुवायची, परातीत वाळवायची, हे काम भांड्याबरोबर माझ्याकडं आलं. तुमी म्हणायच्या, तांदळातला खडा जिला दिसतो तिला शंख दिसेलच. दिसलाबी.

पण पहिल्याच दिवशी मी वाळलेली रेती सुपात घेतली आन दोन हात पाखडली. सैपाकघरातनं दूध तसंच ठेवून तुमी पळत आला. "अगं, अगं! तांदूळ आहेत का ते?" तिकडं दूध उतू गेलं. मला म्हणला, "शेंडा मोडेल ना! शेंडा म्हणजे त्याचं बाळपण. पिल्लू असताना पहिला वेढा तिथं पडतो, बाकीचा शंख त्याच्यापुढं वाढत जातो. अंगानं दोन शंख जुळे दिसतात, पण शेंडा बघितला की कळतं, कूळ वेगळं आहे. शेंडा गेला की तो बेवारशी." आन कपाटातनं नवाकोरा ब्रश काढून दिला, चार केसांचा. म्हणला, "हा तुझा. एकेक उचलायचा. सुपाला हात लावायचा नाही."

एकेक! बाई, माझ्या लग्नात हळदीला मी एवढी बसले न्हाई जेवढी त्या परातीपुढं बसले. चार दिवस काढले कसेतरी. पाचव्या दिवशी दुपारी तुमचा डोळा लागला आन मी सूप घेऊन मागच्या अंगणात गेले. दहा हात पाखडलं की धूळ बाहेर, शंख सुपात. रोज दुपारी तेच. धुळीबरोबर शेंडेबी उडत व्हते, कोंबड्या टिपत व्हत्या, ते माझ्या ध्यानात आलं न्हाई. होळीपतोर चालायचं पोतं मी दिवाळीच्या आत संपवलं. तुमी म्हणला, "किती चपळ हात गं तुझे."

मंग तुमी मी भरलेल्या बाटल्यांतले शंख भिंगाखाली धरले. "एकालाही शेंडा नाही," एवढंच म्हणला. तुमच्या डोळ्यांत तवा मोतीबिंदू उतरलेला. मला जवळ बोलावलं. "तुझे डोळे चांगले आहेत. नीट बघून सांग, मोडलेली जागा घासून गुळगुळीत झालीय, का खरखरीत आहे?" आता मी चौथी शिकलेली असले तरी येडी न्हाई. गुळगुळीत म्हंजे त्या समुद्रातच मोडून घासलेलं, खरखरीत म्हंजे आत्ता मोडलेलं. भिंगातनं बघितलं. खरखरीत व्हती, फुटक्या कौलावानी.

"गुळगुळीत हाय बाई," मी म्हणले.

तुमचा चेहरा असा उजळला! "म्हणजे तिथं लाटा आपटत होत्या. आम्ही सगळे समजत होतो पाणी शांत होतं!" लगेच वहीत लिहिलंत. आपल्या हातानं चहा केलात आन तुमच्या कपात मला दिलात. तो चहा अजून घशात हाय. पुढं ते लाटांचं इंग्रजी मासिकात छापून आलं, तवा पान उघडून माझ्या हातात दिलंत. "यात तुझे डोळे आहेत," म्हणला.

मंगळवारी ती पोरगी काय म्हणाली ऐका. तुमचं एक पोतं न उघडता राहिलं व्हतं, त्याच जागेचं, त्याच थरातलं. तिनं उघडलं. सगळे शेंडे शाबूत. "आणि जुन्या बाटल्यांतले शेंडे आत्ता मोडल्यासारखे दिसतात, आजी. लाटा नव्हत्याच. बाईंची चूक झाली. मला तसं लिहावं लागेल."

बाईंची चूक. हे मला बसू देईना. मी उठले, टांगलेलं तेच सूप काढलं, म्हणले, "वाया गेले तरी चालतील असे चिमूटभर शंख दे." त्या राहिलेल्या पोत्यातले दिले तिनं. दारातली मूठभर वाळू घातली आन पाखडलं. हात इसरत न्हाईत. तिनं खिशातलं भिंग लावलं. चिमटीत धरलेल्या तीन शंखांचे शेंडे गेलेले. सुपाकडं बघून ती म्हणाली,

"बाईंनी सांगितलं नव्हतं का तुम्हाला?"

"सांगितलं व्हतं. ब्रशबी दिला व्हता. मला दम न्हाई, पोरी. लिही, सुपानं मोडले. बाईनं काय चूक केली न्हाई."

पिशवी भरून ती उठली. यष्टी घाटातनं येताना दिसत व्हती. दारात चपला घालता घालता वळली आन म्हणाली, "पण आजी, मोड ताजी आहे हे बाईंना दिसलं कसं नाही?"

मी म्हणले, "मोतीबिंदू व्हता त्यांना."

खोटं न्हाई ते. पण म्हंजे अर्धी चूक अजून तुमच्याच डोळ्यांवर हाय. आन तुमी डोळे माझे वापरले व्हते. गुळगुळीत म्हणालं कोण, ते मी तिला सांगितलं न्हाई. यष्टी निघून गेली.

हा कागद सुपाच्या मागं खोचते. बास. आता एक अक्षर लिहायची न्हाई.