एका दिवसाची रजा

मोदेना, २४ ऑक्टोबर १२८१

चि. ग्विझार्दो यास,
अनेक आशीर्वाद.

आईचं आता पेजेवर चाललंय. तीही दोन चमचे. दिवसभर तुझंच नाव घेते. गल्लीत सगळ्यांना सांगून झालंय, की माझा कायद्याचा पंडित येणार. तू मात्र पत्रात नुसते औषधांचे सल्ले पाठवतोस! मोठमोठे सरदार म्हणे तुझ्यापुढे टोपी काढतात, मग खेचरावर बसून एक दिवसाची वाट तुला जमत नाही होय? चार दिवस काढ आणि ये. उशीर करू नकोस.

तुझी अक्का,
जिझला

बोलोन्या, २८ ऑक्टोबर

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

रागावू नकोस. इथे आमचा पगार विद्यार्थीच देतात, म्हणून प्राध्यापकाला गावाबाहेर पाऊल टाकायचं तर त्यांच्या सभेची परवानगी लागते. काल मी त्या पोरांपुढे टोपी हातात घेऊन उभा होतो. चार दिवस मागितले, एक दिला. एका दिवसात मी पोचेन, पण परत कधी येऊ?

आणि संताप कुणावर काढू? हा नियम बावीस वर्षांपूर्वी, विद्यार्थ्यांचा अध्यक्ष असताना, मीच लिहिला. त्याच हिवाळ्यात आमचे म्हातारे गुरू याकोपिनो आपल्या आजारी आईला भेटायला जातो म्हणाले. मी भर सभेत सांगितलं, की आज एकाला सोडलं तर उद्या सगळेच जातील. काय टाळ्या पडल्या होत्या! आता तीन रात्री मी त्यात पळवाट शोधतोय. सापडत नाही. सगळ्या मीच बुजवल्यात.

आईला यातलं काही सांगू नकोस.

तुझा,
ग्विझार्दो

बोलोन्याची वेस, ४ नोव्हेंबर

चि. ग्विझार्दो,

आईला सगळं सांगितलं. मला खोटं बोलता येत नाही. ती हसली. म्हणाली, लहानपणी धान्याच्या कोठीत शिरून आतून कडी लावायचा आणि मग रडत बसायचा, अजून तसाच आहे. मग म्हणाली, त्याला बाहेर पडता येत नसेल, पण मला आत यायला कुणाची परवानगी लागते?

बैलगाडीत गवत घालून तिला आणलंय. पण शेवटच्या कोसात तिचं बोलणं थांबलं. वेशीवरचा शिपाई गाडी आत सोडत नाही, कर भरणाऱ्यांची रांग मोठी आहे. ही चिठ्ठी देणारा माणूस धावत येतोय. तासाच्या घंटेची वाट पाहू नकोस. तसाच ये.

जिझला

बोलोन्या, ३० नोव्हेंबर

ती. अक्कास,
सा. न.

त्या दिवशी वेशीपाशी तू विचारलंस, एवढा उशीर कसा झाला. मी म्हणालो, बाजारात गर्दी होती. ते खोटं होतं. चिठ्ठी मला वर्गातच मिळाली, वेळेवर मिळाली. मी ती वाचली, घडी करून पुस्तकात ठेवली आणि घंटा होईपर्यंत शिकवत राहिलो. घंटेआधी उठायचं नाही, हेही मीच लिहिलेलं. मला कुणी अडवलं नव्हतं गं. पोरांना कळलं असतं तर त्यांनीच मला दाराबाहेर ढकललं असतं. मी पोचलो तेव्हा तू आईचे डोळे मिटत होतीस.

परवा सभेत नियम बदला म्हणून विनवलं. एका पोराने अदबीने उठून माझंच जुनं भाषण वाचून दाखवलं. टाळ्या तेव्हाइतक्याच पडल्या.

मग याकोपिनो गुरूंकडे गेलो. नव्वदीला आलेत, मागच्याच गल्लीत राहतात, आणि इतक्या वर्षांत मी तिकडे फिरकलो नव्हतो. पायांशी बसून क्षमा मागितली. त्यांना मी कोण तेच आठवेना. रजा आठवेना, सभा आठवेना. आई गेल्याचा निरोप आला तो दिवस मात्र आठवत होता. मंगळवार होता म्हणाले, आणि ते वर्गात होते.

लोभ ठेव असं लिहायची आज हिंमत नाही. जमलं तर ठेव.

तुझा,
ग्विझार्दो