पाणी कुठं वळतं ते दादाला विचारायचंय

प्रिय आई, आणि आईला हे वाचून दाखवणाऱ्या चैत्राली,

काल रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. आजारी नाही गं, आरोहीपण ठणठणीत आहे. झोप आली नाही कारण काल संध्याकाळी मी इथल्या नगरपालिकेच्या मीटिंगमध्ये उभी राहून बोलले. मी! सातवीत शाळा सोडलेली तुझी अहिल्या, इंग्रजीत, माईकवर! फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवतेय.

शिकागोच्या बाहेरचं हे आमचं गाव नुसतं वाढत सुटलंय. आम्ही आलो तेव्हा मक्याचं शेत होतं, तिथं आता दीडशे घरं. घरं आली की रस्ते, रस्ते आले की गटारं. आरोहीची शाळेची बस थांबते त्या कोपऱ्यावर बर्फ वितळून पाणी साचतं आणि सकाळी त्याची काच होते. जानेवारीत आरोही तिथं घसरली ती थेट बसच्या पुढच्या चाकापाशी. ड्रायव्हरबाईनं बघितलं म्हणून. तुला तेव्हा सांगितलं नाही मी. आता बस येईपर्यंत तिचा हात असा घट्ट धरते की पोर म्हणते, मम्मा, यू आर हर्टिंग मी.

तर नगरपालिकेनं तिथं नवीन गटार करायचं ठरवलं. पाणी जिथून आत जाणार तिथं रस्त्यावर नारिंगी रंगाची खूण केली. मी रोज त्या खुणेकडं बघायची आणि मला काही पटेना. तुला आठवतं ना, बाबा बांधकाम खात्यात मुकादम होते तेव्हा रस्त्याखालच्या मोरीचा पाईप टाकायच्या आधी वाहत्या पाण्यात मूठभर भुसा टाकायचे आणि त्याच्यामागं चालत जायचे? म्हणायचे, साहेब, तुमच्या नकाशावर पाऊस पडत नाही. इथं भुसा कुठला? घरात कुरमुरे होते. सोमवारी ऊन पडलं, बर्फाचं पाणी धो धो निघालं. आरोहीला बसमध्ये चढवलं आणि ओतले कुरमुरे. शेजारीण कुत्रं घेऊन हसत उभी. आई, कुरमुरे खुणेकडं गेलेच नाहीत! वीस पावलं आधीच वळले आणि बसच्या जागेवर जाऊन गोल गोल फिरत बसले. मी मोबाईलवर सगळं शूट केलं.

संग्राम म्हणाला, अगं बये, गप बस, मी हॉटेलात कांदे चिरणारा माणूस, आपले इथं राहायचे कागद अजून झाले नाहीत, तिथं नाव-पत्ता लिहून द्यावा लागतो. भीती मलाही होतीच. पण सोडायला तोच आला, आणि मागच्या खुर्चीत मान खाली घालून बसला. तीन मिनिटं देतात. माय फादर मेक रोड, थर्टी इयर, असं काहीतरी बोलले आणि व्हिडिओ लावला. लोक हसले. मग हसायचे थांबले. पांढऱ्या केसांच्या इंजिनिअरबाईनं चष्मा लावून दोनदा बघितलं. म्हणाली, शुक्रवारी सकाळी नऊला कोपऱ्यावर ये, दाखव मला. पटलं तर गटाराचं तोंड सरकवते, सोमवारी खोदायला सुरुवात आहे. बाहेर आल्यावर संग्राम म्हणतो कसा, चला मुकादमीणबाई! गाडीत मी हसत पण होते, रडत पण होते.

घरी येऊन पडले आणि एकदम आठवलं. बर्फ लोटणारी गाडी कडेला ढीग करून जाते, माणसाएवढा उंच, दगडासारखा. कुरमुरे वळले ते त्या ढिगाला लागूनच. आता उतारच तसा आहे म्हणून वळले, का ढीग आडवा आला म्हणून? ढीग तर एप्रिलात वितळून जाईल, मग त्यांची खूणच बरोबर ठरायची. बाबांचंही एकदा असंच झालं होतं, मुरमाच्या ढिगानं पाणी फिरवलं होतं. त्यांनी खरा उतार कसा शोधला ते मला माहीत नाही, मी लहान, घरी होते. कामावर त्यांच्याबरोबर गुरुनाथदादा होता. बाबा गेले. आता ते एका दादालाच ठाऊक.

तो माझा फोन उचलत नाही. संग्रामशी लग्न केलं त्याला सात वर्षं झाली, एकदाही उचलला नाही. पण त्या कोपऱ्यावर आरोहीसकट अकरा मुलं उभी असतात गं. मी चुकीचं सांगितलं, त्या बाईनं ऐकलं आणि पाणी तिथंच राहिलं, तर? म्हणून चैत्राली, तू किंवा हे जे कोणी वाचत असेल त्यानं, दादाला आजच्या आज फोन लाव. आईच्या हातात देऊ नको, ती रडेल. अहिल्या माफी मागते असंही म्हणू नको, तो ठेवून देईल. नुसतं विचार, ढिगाला लागून पाणी वळलंय, खरा उतार कसा ओळखायचा? पाण्याचं विचारलं की तो बोलतोच. जे सांगेल ते शब्दाला शब्द लिहून घे आणि मला पाठव. लाव गं फोन, आत्ताच लाव.

तुझीच,
अहिल्या